स्वच्छतेची द्रव्ये आणि सांडपाण्याचे जुने नळ

घरात येणाऱ्या पाण्याची चौकशी सर्वच जण करतात. घराबाहेर जाणाऱ्या पाण्याची चौकशी मात्र बहुधा कोणीच करीत नाही. पाणी मोरीच्या जाळीतून दिसेनासे झाले की गृहस्थाचे काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्या जाळीखालीच एका दीर्घ प्रवासाला आरंभ होतो. भांडी घासल्यावर उरलेले साबणाचे पाणी, फरशीवर ओतलेले आम्ल, शौचकूपात टाकलेले विरंजक चूर्ण, स्वयंपाकघरातील तेल ही सर्व द्रव्ये एकाच नळात एकत्र येतात. तेथे त्यांची परस्परांवर आणि नळाच्या भिंतीवर रासायनिक क्रिया घडते. नळ नवा व धडधाकट असेल तर ही क्रिया बराच काळ लक्षात येत नाही. नळ जुना असेल तर एके दिवशी भिंतीवर ओल दिसू लागते आणि मग कारणाचा शोध सुरू होतो.

हरियाणातील गुरुग्राम हे शहर ह्या विषयाच्या अभ्यासास सोयीचे उदाहरण आहे. २०१६ पर्यंत ह्या शहराचे अधिकृत नाव गुडगाव असे होते. उंच काचेच्या इमारतींमुळे ते अगदी नवे भासते. परंतु सदर बाजाराभोवतालची वस्ती जुनी आहे. १९७७ साली हरियाणा नगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९८३ च्या डिसेंबरात तेथील कारखान्यातून मारुती मोटारी बाहेर पडू लागल्या, आणि त्या सुमारास निवासी सेक्टरांतील घरांची संख्या झपाट्याने वाढली. त्या घरांचे सांडपाण्याचे नळ आज चाळिशीच्या घरात आले आहेत. मुंबई-पुण्यातील जुन्या चाळींचे व वाड्यांचे नळ तर त्याहूनही जुने आहेत. ह्या सर्व ठिकाणी प्रश्न एकच आहे: घर स्वच्छ करणारी द्रव्ये घराच्या नळांना कितपत मानवतात?

नळांच्या जाती

जुन्या इमारतींत सांडपाण्यासाठी मुख्यत्वे तीन प्रकारचे नळ आढळतात. भिंतीवरून खाली उतरणारे उभे नळ बहुधा बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. शंभर मिलिमीटर व्यासाच्या अशा नळाची भिंत सुमारे ५ मिलिमीटर जाड असते. दोन नळांच्या सांध्यात तागाचा दोर ठोकून वर शिसे ओतण्याचा प्रघात होता. जमिनीखालून गटारापर्यंत जाणारे आडवे नळ भाजलेल्या मातीचे व झिलई दिलेले असत. त्यांचे सांधे सिमेंटने भरीत. न्हाणीघरातील व स्वयंपाकघरातील लहान जोडनळ जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचे किंवा शिशाचे असत. अलीकडील बांधकामात ह्या सर्वांची जागा पीव्हीसी ह्या प्लॅस्टिकच्या नळांनी घेतली आहे, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने जुन्या घरांतही जुन्या नळाला नवा तुकडा जोडलेला दिसतो.

ह्या साखळीतील एक घटक मराठी वाचकास विशेष परिचित वाटेल. फरशीखाली बसविलेल्या वाकड्या भांड्यात थोडे पाणी नेहमी साठून राहते आणि गटारातील दुर्गंधीयुक्त वायूंना घरात येण्यास अटकाव करते. ह्या जलरोधाची कल्पना अलेक्झांडर कमिंग ह्याने १७७५ साली शौचकूपासाठी पेटंट घेतलेल्या वाकड्या नळात प्रथम स्पष्टपणे दिसते. भारतात फरशीच्या अशा भांड्यास 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्यातील पहिला शब्द म्हणजे आपली 'न्हाणी' होय, आणि तो आज गुरुग्रामच्या दुकानातही तितकाच प्रचलित आहे. स्वच्छतेसाठी ओतलेले कोणतेही तीव्र द्रव्य प्रथम ह्याच भांड्यात साठते व तेथेच सर्वांत अधिक काळ राहते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

मुळाशी असलेले दुष्फेन पाणी

गुरुग्रामला यमुनेचे पाणी कालव्यांतून मिळते. बसई व चंदू बुढेडा येथील केंद्रांत शुद्ध होऊन ते शहरात येते. तथापि भूजलावरही फार मोठा भार आहे, आणि तेथील भूजल दुष्फेन म्हणजे सामान्य बोलीत जड आहे. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्या धातूंचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण दुष्फेनता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानली जाते. दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतली जाते.

दुष्फेन पाण्याचे दोन परिणाम घरात दिसतात. पहिला असा की, साबणाला फेस येत नाही. साबणातील मेदाम्ले कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका बनतो. मोरीच्या कडेला साचणारी करडी साय ती हीच. दुसरा परिणाम म्हणजे पाणी वाळल्यावर तोट्यांवर, फरशीवर व शौचकूपात मागे राहणारा पांढरा थर. हा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्याच जातीचा असतो. घासून तो निघत नाही. आम्ल लावल्यास मात्र फसफसून क्षणात नाहीसा होतो. म्हणूनच जेथे पाणी जड तेथे आम्लाचा खप अधिक, असा क्रम जुळतो. नळांच्या ऱ्हासाची कथा बहुधा येथूनच सुरू होते.

आम्लांचा परिणाम

शौचकूप स्वच्छ करण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या अनेक दाट द्रवांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. सुटे मिळणारे 'तेजाब' किंवा 'ॲसिड' ह्याहून पुष्कळ तीव्र असते. चिनीमातीच्या भांड्यास त्यापासून फारसा धोका नसतो, कारण त्यावरील काचेसारखी झिलई आम्लास दाद देत नाही. त्यामुळे भांडे लखलखीत दिसते आणि गृहस्थाचे समाधान होते. भांड्याखालचा नळ मात्र चिनीमातीचा नसतो.

लोखंडाशी आम्लाचा संयोग झाला असता लोखंड विरघळून फेरस क्लोराइड बनते व हायड्रोजन वायू बाहेर पडतो. साधा हिशेब केला तर १० टक्क्यांचे एक लिटर आम्ल संपूर्णपणे लोखंडावर खर्च झाल्यास सुमारे ८० ग्रॅम लोखंड विरघळवू शकते. प्रत्यक्षात इतके लोखंड जात नाही. बरेचसे आम्ल पांढऱ्या थरावर खर्ची पडते किंवा पाण्याबरोबर वाहून जाते. परंतु आठवड्याला पाव लिटर आम्ल ओतण्याची सवय वर्षानुवर्षे चालू राहिली, तर त्यातील अल्पसा अंशही ५ मिलिमीटर भिंतीच्या नळास जड जातो.

बिडाची झीज फसवी असते. बिडात सुमारे ३ ते ३.५ टक्के कार्बन असून त्याचा मोठा भाग ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने लोखंडात विखुरलेला असतो. लोखंड विरघळून गेले तरी ग्रॅफाइटचा सांगाडा व त्यात अडकलेला गंज जागच्या जागी राहतो. नळाचा आकार, रंग व जाडी पूर्ववतच दिसते. परंतु चाकूने कोरता येईल इतका तो मऊ झालेला असतो. असा नळ पाणी वाहून नेतो, पण धक्का सोसत नाही. तुंबलेल्या मोरीत जोराने सळई घातली किंवा शेजारी हातोडा चालला की त्याला भोक पडते, आणि दोष मात्र हातोड्यावर जातो.

भाजलेल्या मातीच्या नळास आम्ल बाधत नाही. त्याचा दुबळा भाग म्हणजे सांधा. सिमेंटमधील चुन्याचे संयुग आम्लात सहज विरघळते. सांध्यात बारीक फट पडली की पाणी बाहेर झिरपू लागते आणि त्या ओलाव्याच्या मागावर झाडांची मुळे आत शिरतात. पिंपळाचे मूळ केसाएवढ्या फटीतून प्रवेश करून नळात जुडीसारखे पसरते. जस्तलेपित नळाची गोष्ट ह्याहून सोपी आहे: जस्त हे लोखंडापेक्षाही लवकर आम्लास बळी पडते, आणि लेप गेल्यावर उघडे पडलेले लोखंड गंजू लागते.

आम्ल सर्वत्र वर्ज्यच आहे असे मात्र नाही. चिंचेने तांब्याचे भांडे घासण्याची आपली जुनी रीत म्हणजे सौम्य आम्लाचाच उपयोग होय. चिंच, लिंबू व व्हिनेगर ह्यांतील आम्ले दुर्बल असतात, थोडी वापरली जातात आणि भरपूर पाण्याने लगेच धुतली जातात. अपायाचे प्रमाण आम्लाच्या तीव्रतेवर, राशीवर व संपर्काच्या काळावर अवलंबून असते.

दाहक सोडा

मोरी तुंबली की तीत दाहक सोड्याचे म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे खडे टाकण्याची चाल आहे. ह्यामागील रसायनशास्त्र खरे आहे. नळात अडकलेल्या तेलातुपावर दाहक सोड्याची क्रिया होऊन साबण व ग्लिसरीन तयार होतात. केसही त्यात गळून जातात. थंड व सौम्य द्रावणाचा बिडावर फारसा परिणामही होत नाही. तरीही तीन धोके राहतात.

पहिला धोका उष्णतेचा. दाहक सोडा पाण्यात विरघळताना पुष्कळ उष्णता बाहेर पडते. अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम सोडा एकदम विरघळल्यास पाण्याचे तापमान सुमारे ४५ ते ५० अंश सेल्सिअसने चढते. उन्हाळ्यात आधीच ३० अंशांवर असलेले पाणी त्यामुळे ८० अंशांजवळ पोहोचते, आणि ह्याच सुमारास पीव्हीसी मऊ होऊ लागते. म्हणजे जुन्या नळाला जोडलेला नवा प्लॅस्टिकचा तुकडाच प्रथम वाकतो व सांधा सोडतो. दुसरा धोका धातूंचा. ॲल्युमिनियम, जस्त व शिसे हे धातू तीव्र अल्कात विरघळतात. ॲल्युमिनियमच्या जाळीवर सोडा पडल्यास ज्वलनशील हायड्रोजन वायूही निघतो. तिसरा धोका असा की, पुरेसे पाणी न मिळालेला सोडा चरबीसह घट्ट होऊन दगडासारखा बसतो. तयार झालेला साबणही नेहमी दूर जातोच असे नाही. पुढे थंड व दुष्फेन पाणी भेटताच त्याचा न विरघळणारा साका होतो, आणि हाताशी असलेला अडथळा हात न पोहोचणाऱ्या जागी सरकतो.

विरंजके व अमोनिया

विरंजक चूर्ण व सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ह्यांचा मुख्य गुण ऑक्सिडीकरण हा आहे. थोड्या राशीत वापरलेले विरंजक नळातील मळाशी संयोग पावून लवकरच निष्प्रभ होते. परंतु तीव्र द्रावण रात्रभर भांड्यात साठवून ठेवल्यास लोखंड गंजते आणि स्टेनलेस पोलादालाही सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. ज्या घराचे सांडपाणी सेप्टिक टाकीत जाते तेथे आणखी एक हानी होते: मैल्याचे विघटन करणारे सूक्ष्मजंतू विरंजकाने व जंतुनाशक फिनेलच्या अतिरेकाने मरतात आणि टाकी लवकर भरते.

काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. पितळाशी त्याचे वैर भारतातच प्रथम ध्यानात आले. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली असता त्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया व पितळात राहिलेला ताण ह्यांच्या संयोगाने असे घडते, हे १९२१ साली सिद्ध झाले. हात धुण्याच्या भांड्याखाली पितळी जोड असेल तर ही गोष्ट विसरू नये.

येथे एक इशारा स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक आहे. आम्ल व विरंजक ही द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत. त्यांच्या संयोगाने क्लोरीन हा विषारी वायू मुक्त होतो. विरंजक व अमोनिया ह्यांच्या मिश्रणातूनही क्लोरामीन हे घातक वायू निघतात. शौचकूपात एक द्रव्य ओतून ते साठून असतानाच दुसरे ओतणे हे मिश्रण करण्यासारखेच आहे. बंद दाराच्या लहानशा खोलीत असा वायू प्राणावर बेततो.

साबण, प्रक्षालके आणि तेल

नित्याच्या वापरातील साबण व धुण्याची चूर्णे ह्यांपासून नळांना थेट धोका अल्प असतो. जुन्या काळी राख, रिठे व शिकेकाई ह्यांनी हीच कामे होत. तथापि प्रक्षालकांचा अप्रत्यक्ष परिणाम विचारात घ्यावा लागतो. ती तेलाचे बारीक कण करून पाण्यात तरंगत ठेवतात. पाणी थंड झाले व कण पुन्हा एकत्र आले की ते नळाच्या खडबडीत, गंजलेल्या भिंतीस चिकटतात. तेथे कॅल्शियमशी संयोग होऊन कठीण थर बनतो. लंडनमधील व्हाइटचॅपल भागाच्या गटारात २०१७ साली असा एक साठा सापडला. तो सुमारे २५० मीटर लांब व १३० टन वजनाचा होता. घरगुती नळात घडते ते ह्याच घटनेचे लहान रूप होय.

आणखी एक क्रिया मंद पण चिवट आहे. अनेक धुण्याच्या चूर्णांत भरणा म्हणून सोडियम सल्फेट घातलेले असते; भूजलातही सल्फेट असते. नळातील गाळात, जेथे हवा पोहोचत नाही तेथे, काही सूक्ष्मजंतू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तो हाच. हा वायू वर चढून नळाच्या ओलसर छतावर विरघळतो आणि तेथील दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजंतू त्यापासून गंधकाम्ल बनवितात. ऑस्ट्रेलियात सी. डी. पार्कर ह्या संशोधकाने १९४५ साली काँक्रीटच्या गटारांच्या ऱ्हासामागे असे जंतू असल्याचे दाखविले. सांडपाणी आडव्या नळाच्या तळातून वाहत असूनही नळ कित्येकदा छताकडून का कुजतो, ह्या कोड्याचे हे उत्तर आहे. गाळ साचू न देणे हाच त्यावरील सोपा उपाय होय.

गळतीची किंमत

फुटलेल्या नळाची हानी रंग उडालेल्या भिंतीवर थांबत नाही. ओलावा काँक्रीटमधील सळ्यांपर्यंत गेला की सळ्या गंजतात, फुगतात आणि छताचे तुकडे पडू लागतात. त्याहून गंभीर प्रश्न आरोग्याचा आहे. आपल्या बहुतेक शहरांत पिण्याचे पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेल्या वेळी जलवाहिनीत दाब नसतो, आणि शेजारच्या फुटक्या सांडनळातून मुरलेले पाणी तिच्यातील फटींतून आत ओढले जाऊ शकते. कावीळ, विषमज्वर व अतिसार ह्यांचा प्रसार असाच होतो. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले तर काय ओढवते, ते दिल्लीने १९५५-५६ च्या काविळीच्या साथीत पाहिले. त्या वेळी नजफगड नाल्याचे दूषित पाणी यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी पोहोचले होते. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी नागपूर येथे १९५८ साली जी संस्था स्थापन झाली, तीच आज राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

गुरुग्रामचे नालेही अखेर नजफगड नाल्यास व त्यामार्गे यमुनेस मिळतात. दिल्लीत ओखल्याजवळ नदीवर दिसणारा पांढरा फेस हा शुद्धीकरण न झालेल्या सांडपाण्यातील प्रक्षालके व फॉस्फेटे ह्यांचा परिणाम असून, मानकांस न उतरणाऱ्या साबण व प्रक्षालकांच्या विक्रीवर दिल्ली सरकारने २०२१ साली बंदी घातली. घरातील मोरी आणि नदी ह्यांमधील अंतर वाटते तितके मोठे नाही.

तिसरा विचार मनुष्याचा. मोरीत आम्ल किंवा सोडा ओतूनही ती मोकळी झाली नाही, तर ते द्रव्य तेथेच साठून राहते. नंतर येणारा प्लंबर किंवा सफाई कामगार सांधा उघडतो तेव्हा तेच त्याच्या हातावर व डोळ्यांत उडते. गटारे व सेप्टिक टाक्या योग्य साधनांवाचून माणसाकरवी साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या सुट्या विक्रीवरही कडक निर्बंध घातले. मोरीत काय ओतले आहे ते कामगारास आधीच सांगणे, हे प्रत्येक गृहस्थाचे किमान कर्तव्य होय.

काय करावे

उपाय खर्चाचे नाहीत. तेलकट भांडी प्रथम कागदाने पुसावीत व उरलेले तेल मोरीत ओतू नये. जाळीवरील केस व खरकटे रोज काढावे. आठवड्यातून एकदा बादलीभर कोमट पाणी, उकळते नव्हे, जोराने सोडावे. मोरी तुंबल्यास प्रथम रबरी टोपीचा दांडा किंवा तारेची लवचीक स्प्रिंग वापरावी. रसायनाचा विचार अखेरीस करावा. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतण्याचा उपाय लोकप्रिय आहे. परंतु ही द्रव्ये परस्परांचा गुण नाहीसा करतात. फेस उठतो, मात्र साफ होते थोडेच. पांढरा थर जमू नये म्हणून फरशी व तोट्या वापरानंतर कोरड्या पुसाव्यात. आम्ल वापरणे भागच पडले तर सौम्य घ्यावे, थोडे घ्यावे, अल्पकाळ ठेवावे आणि नंतर भरपूर पाणी सोडावे.

वर्गात करून पाहण्याजोगे दोन प्रयोग येथे सुचविता येतील. दोन बाटल्यांत समान पाणी घ्यावे, एकीत पावसाचे व दुसरीत विहिरीचे किंवा कूपनलिकेचे. प्रत्येकीत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. जीत फेस कमी व गढूळपणा अधिक, त्या बाटलीतील पाणी दुष्फेन. दुसऱ्या प्रयोगासाठी तीन वाट्यांत व्हिनेगर घेऊन एकीत खडू, दुसरीत लोखंडी खिळा व तिसरीत चिनीमातीचा तुकडा ठेवावा. खडू तत्काळ फसफसेल, खिळा काही दिवसांत काळवंडून झिजू लागेल, चिनीमाती तशीच राहील. पांढरा थर, बिडाचा नळ व शौचकूपाचे भांडे ह्या तिघांची कहाणी त्या तीन वाट्यांत दिसेल.

स्वच्छता म्हणजे मळ दृष्टीआड करणे नव्हे. तो कोणासही अपाय न करता योग्य ठिकाणी पोहोचविणे होय. जुना नळ हे काम वर्षानुवर्षे निमूटपणे करीत असतो. त्याच्यात काय ओतले जाते ह्याचा क्षणभर विचार केला, तर तो आणखी कित्येक वर्षे ते करीत राहील.